न विचारतां केलेलें हित

दुसऱ्याचें हित आपणांस स्पष्ट दिसत असतां त्याच्या संमतीवांचून तें करावें काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गांत मीं अनेक वर्षें विद्यार्थ्यांपुढें मांडला. परंतु त्याचा कांटा मला स्वतःला बोंचला तो गेल्या दिवाळीच्या सुटींत, साताऱ्यास एका वृद्ध स्नेह्यांच्या घरीं.

ते आंत चहा करीत होते. त्यांचा फोन मेजावर उघडाच होता आणि कित्येक आठवडे टाळलेली अपडेटची सूचना त्यावर पुन्हां झळकत होती. बँकेचे व्यवहार ते याच फोनवरून करीत, हें मला ठाऊक होतें. मीं बोट टेकवून होकार दिला आणि संध्याकाळीं सांगलीस परतलों. दोन दिवसांनीं कळलें कीं, पडद्यावरील चित्रांच्या जागा बदलल्यामुळें त्यांना मुलीला फोन लावतां आला नव्हता. ते रागावले नाहींत, एवढेंच म्हणाले, “चांगल्यासाठींच केलंत, पण विचारायचं होतंत.”

मीं केलें तें चुकीचें होतें काय? प्रथम अपडेट म्हणजे काय तें पाहूं. फोनांतील सॉफ्टवेअरमध्यें दोष राहून जातात. त्यांतले कांहीं म्हणजे चोरासाठीं उघड्या राहिलेल्या खिडक्याच. दोष सांपडला कीं निर्माता दुरुस्ती तयार करून आपल्या संगणकावर ठेवतो. आपला फोन मधून मधून तेथें चौकशी करतो, दुरुस्ती उतरवून घेतो, ती खरोखर निर्मात्याचीच आहे हें डिजिटल सहीवरून पडताळतो आणि मगच बसवितो. अलीकडच्या अनेक अँड्रॉइड फोनांत यासाठीं दोन कप्पे असतात. एकांतील व्यवस्था चालू असतांनाच नवी व्यवस्था दुसऱ्यांत मांडली जाते, आणि रीस्टार्टनंतर ती चाललीच नाहीं तर फोन जुन्या कप्प्याकडे परततो. आपण चुकूं शकतों, हें यंत्र घडविणाऱ्यांनीं गृहीत धरिलें होतें. मीं धरिलें नव्हतें.

‘माझी वस्तु, माझी मर्जी’ एवढ्यानें मात्र प्रश्न सुटत नाहीं. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाचा उपद्रव जगभर पसरला. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिली होती. परंतु जीं यंत्रें तशींच राहिलीं, त्यांतून तो शेजारच्या यंत्रांत शिरला आणि इंग्लंडांतील रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. एकाच्या आळसाचें फळ दुसऱ्यानें भोगलें. उलटपक्षीं, १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनें सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले, आणि आपल्या देशांतही कांहीं विमानप्रवाशांच्या हातीं हातानें लिहिलेले बोर्डिंग पास आले. तेव्हां नाकारणारा चुकतो, तसा देणाराही चुकतो.

आम्हां सांगलीकरांस या प्रश्नाचें उत्तर कृष्णाकांठीं शोधतां येईल. कोयना धरण सातारा जिल्ह्यांत. कोयनेचें पाणी कऱ्हाडास कृष्णेला मिळतें आणि पुढें सांगलींत आयर्विन पुलापाशीं आम्ही तें फुटाफुटानें मोजतों. धरणाच्या सुरक्षिततेसाठीं दरवाजे कधीं कधीं उघडावेच लागतात, आणि खालच्या गांवांना पाणी नाकारण्याची सोय नसते. तरीही आधीं इशारा देतात. २०१९ च्या महापुरांत ज्यांनीं घरें सोडलीं त्यांना विचारा, चार तासांच्या पूर्वसूचनेचें मोल काय असतें. तेवढ्या वेळांत म्हातारी माणसें, गुरें आणि कागदपत्रें वर नेतां येतात.

यावरून मला असें वाटतें कीं, जेथें आपल्या नकारानें दुसऱ्यास धोका पोंचतो तेथें नकाराच्या हक्काला मर्यादा पडते. परंतु सांगण्या-विचारण्याच्या कर्तव्याला तशी मर्यादा नाहीं. काय बदलणार, कां बदलणार आणि अडल्यास काय करावें, हें साध्या भाषेंत सांगणें निर्मात्यांस बंधनकारक आहे, तसेंच घरांतील जाणत्या मुलाबाळांसही. हित करणाऱ्याची घाई हा पुष्कळदां त्याच्या अहंकाराचाच एक प्रकार असतो. माझी तरी होती.

पुढच्या खेपेस सूचना आली तेव्हां मी साताऱ्यासच होतों. सर्व समजावून सांगितलें आणि मुलीचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. ते म्हणाले, “आज नको, रविवारीं करूं.” मी रविवारपर्यंत थांबलों. बटण त्यांनींच दाबलें.