चाकराचं वय

आमच्या गावात निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. मीही त्यातलाच. १ जून १९५९. शाळेत नाव घालायला गेलं की गुरुजी विचारायचे, "पोरगं कधीचं?" आई सांगायची, "पोळा तोंडावर आला व्हता, त्या साली थोरली गाय मेली बघा." गुरुजी हसायचे. मग पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून तारीख एक जून. अशी आमची वयं. पुढं त्याच तारखेवर आम्ही दहावीचे फॉर्म भरले, जमिनीचे कागद केले, आणि आता म्हातारपणाची पेन्शनही त्याच तारखेवर मागतो.

या गोष्टीचा मी कधी फार विचार केला नव्हता. विचार करायला लावला तो २०२३ च्या मार्च महिन्यातल्या एका बातमीनं. पाडवा होऊन पाच-सहा दिवस झाले होते. पाडवा म्हणजे आमच्याकडं सालगड्यांचं साल बदलायचा दिवस. कुणाचा गडी सुटला, कुणी किती उचल दिली, याच गप्पा पारावर चालल्या होत्या. तिथंच पेपर वाचला.

बातमी पुण्याच्या राठी हत्याकांडाची होती. २६ ऑगस्ट १९९४ ला त्या घरातल्या सात जणांचा खून झाला. पाच बाया, त्यातली एक गरोदर, आणि दोन लहान लेकरं. मेलेल्या बायांत त्या घरी कामाला असलेली मोलकरीणही होती. राठींचं मिठाईचं दुकान होतं, आणि पकडलेल्या तिघांचा संबंध त्या दुकानातल्या नोकरीतूनच लागला. तिघंही राजस्थानातून पोट भरायला आलेले. एक माफीचा साक्षीदार झाला. दोघांना पुण्याच्या न्यायालयानं फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं ती कायम केली आणि सप्टेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही. पुढं त्यातल्या एकाची फाशी दयेच्या अर्जावर जन्मठेपेत बदलली.

दुसरा फाशीच्या सावलीतच राहिला. खटल्याच्या कागदांत त्याचं वय विशीच्या पुढचं लावलेलं. फार वर्षांनी त्याचा अर्ज न्यायालयापुढं आला, की मी तेव्हा अज्ञान होतो. चौकशी झाली. बिकानेर जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेचा दाखला निघाला. त्यात जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. शाळेतलं नाव वेगळं, खटल्यातलं नाव वेगळं. न्यायालयानं दोन्ही नावांचा माणूस एकच असल्याचं ठरवलं. हिशोब केला तर गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. कायद्यानं त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ आत होता. २७ मार्च २०२३ ला त्याला सोडायचा हुकूम झाला. त्याची दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही. अज्ञान पोराचं नाव छापू नये असा कायदा आहे, आणि तो कायदा या माणसाच्या बाबतीत एवढा उशिरा लागू झाला, तर निदान मी तरी पाळावा.

घरी येऊन मी ही बातमी बायकोला वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्याचं वय मोजलं, बरं झालं. त्या दोन लेकरांचं वय कुणी मोजलं?"

मला उत्तर देता आलं नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही, ती दुसऱ्याच कारणानं.

आमच्याकडं बारक्या नावाचा पोरगा गुरांमागं होता. बहात्तरच्या दुष्काळात त्याचा बाप खडी फोडायच्या कामावर गेला आणि तिकडंच तापानं मेला. पोराची शाळा तिसरीत सुटली. पुढं त्याच्या आईनं त्याला आमच्या दारात आणून उभा केला. वर्षाला दोनशे रुपये, दोन वक्ताची भाकरी, अंगावरचे कपडे आणि एक घोंगडी, असं दादांनी ठरवलं. वय कुणी विचारलं नाही. कासरा धरता येतो का, एवढं विचारलं.

१९७८ ची दिवाळी झाली. कापसाचे पैसे आईनं उतरंडीत ठेवले होते. त्यातले तीनशे चाळीस रुपये गेले. बारक्याच्या घोंगडीत, गोठ्याच्या आढ्याला खोचलेले सापडले. म्हणजे चोरी त्यानंच केली होती, यात शंका नव्हती. त्यानं कबूलही केलं. दादांनी त्याला मेढीला बांधून मारलं. मीही दोन तडाखे हाणले. मग जमादाराला बोलावणं गेलं.

जमादार बाजेवर बसून लिहीत होता. बारक्याला त्यानं विचारलं, "वय काय रं?" बारक्या म्हणाला, "आईला ठावं." जमादारानं माझ्याकडं बघितलं. घरात दहावी झालेला मीच.

मी म्हणालो, "अठरा असेल."

हे मी चुकून बोललो नव्हतो. लहान पोराला तुरुंगात घालत नाहीत, रिमांड होमात पाठवतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. बारा सांगितलं असतं तर जमादारानं कदाचित समज देऊन सोडलं असतं. वर विचारलं असतं, की बारा वर्षांचं पोर सालानं कसं ठेवलं? आणि राग होताच. आमचं खाऊन आमच्याच उतरंडीत हात घातला, हा राग. अठरा म्हटलं की सगळं सोपं होत होतं. त्याची आई दाराच्या बाहेर उभी होती. "मालक, लेकरू हाय वो माझं," एवढंच म्हणत होती. लेकरू हा काही आकडा नव्हता. जमादारानं माझा आकडा लिहिला.

बारक्याला तीन महिने झाले, जिल्ह्याच्या तुरुंगात, मोठ्या माणसांत. परत आला तेव्हा बिडी ओढत होता आणि कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. पुढच्या दसऱ्याला ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला, तो गावात परत राहायला आलाच नाही. आई होती तोवर पाडव्याला एकदा विचारायची, "पोराचा काय सांगावा?" आम्ही नाही म्हणायचो.

बातमी वाचल्यावर मी शाळेत गेलो. हेडमास्तर ओळखीचे. जुनं जनरल रजिस्टर काढायला लावलं. पिवळी पानं, शाईची अक्षरं. बारक्या कुठंच नव्हता. बापाच्या नावावरून शोधलं तेव्हा सापडलं. ज्ञानोबा. आमच्या गोठ्यात राहिलेल्या पोराचं नाव मला पंचेचाळीस वर्षांनी कळलं. जन्मतारीख १ जून १९६६. म्हणजे त्या दिवशी तो बारा वर्षांचा होता. एकोणीस वर्षांचा मी होतो. मी माझ्याच वयाच्या जवळपासचा आकडा त्याच्या अंगावर टाकला होता.

तुम्ही म्हणाल, ती तारीख तरी कुठं खरी? गुरुजींनी कान धरायला लावून लिहिलेली. खरं आहे. वर्षभर इकडंतिकडं असेल. पण मी यावर बराच विचार केला. गुरुजींनी अंदाज केला आणि मीही अंदाजच सांगितला. फरक असा, की गुरुजींनी लिहिलं तेव्हा त्या पोराशी कुणाचं वैर नव्हतं. पोरगं अजून काही चुकलेलं नव्हतं. मी सांगितलं ते त्याला शिक्षा व्हावी म्हणून. गुन्ह्याच्या आधी, राग नसताना झालेली नोंद न्यायालय का मानतं, ते मला त्या दिवशी समजलं.

आता राहिला बायकोचा प्रश्न. मी तो टाळत नाही. त्या सात जणांची बाजू माझ्या चोरीच्या गोष्टीनं हलकी होत नाही. तीनशे चाळीस रुपये कुठं आणि सात जीव कुठं! बारा वर्षांचं पोर असलं काही करू शकतं, हे न्यायाधीशांनाही धक्का देणारं वाटलं. राठींच्या घरातले जे मागं राहिले त्यांना हा निकाल कसा पचला असेल, हे त्यांनाच माहीत. त्यांनी माफ करावं असं म्हणायचा मला अधिकार नाही.

पण मला एवढं वाटतं. वय बघितल्यानं गुन्हा पुसत नाही. माझ्या बारक्यानं पैसे घेतलेच होते. वय बघायचं ते आपण, मोठ्या माणसांनी, पुढं काय करायचं ते ठरवण्यासाठी. कोवळ्या गोऱ्ह्यानं पीक खाल्लं तर आपण त्याला हाकलतो, कोंडतो, दोन रट्टेही देतो. पण त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. मान मोडते, आणि मोडली ती आपल्या हातानं. शिक्षा बरोबर असायला गुन्हा खरा असणं पुरत नाही, माणूसही खरा लिहावा लागतो. त्याचं नाव, त्याचं वय. चाकराच्या बाबतीत हेच कुणी लिहीत नाही. मालक ठेवील ते नाव, आणि मालक सांगेल ते वय.

मी हे बायकोला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग तुमी सांगितलेल्या अठराचं काय?"

मी हेडमास्तरांकडून ज्ञानोबाच्या नावाचा उतारा कागदावर लिहून आणला आहे. द्यायला कुणी नाही. आई वारली, घर पडलं, तो असला तर आता साठीला आला असेल. कुठं असेल तिथं त्याच्या कागदांवर कोणतं वय असेल, कुणास ठाऊक. उतारा मी आमच्या सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलाय. पोरांना सांगून ठेवलंय, की हा कागद फेकायचा नाही.