न विचारता काढलेले छायाचित्र

आमच्या गावच्या भजनात पेटी वाजवणारे एक बुवा आहेत. त्यांना काचबिंदू आहे. या विकारात दृष्टी बहुधा कडेकडेने जाते आणि उरते ती नळीतून पाहावे तशी. गेलेली नजर परत येत नाही. औषधोपचाराने उरलेली राखता आली तर राखायची. बुवांची ती उरलेलीही वर्षावर्षाने आकसते आहे.

गेल्या दिवाळीत मी मित्राचा कॅमेरा घेऊन त्यांच्या ओटीवर गेलो. ते पेटी वाजवीत होते. मी बाजूला उभा राहून हळूच कळ दाबली. त्यांच्या नजरेच्या टापूत मी नव्हतो, आणि खरे सांगायचे तर ते मला सोयीचे वाटले होते. आवाज होताच भाता थांबला.

“काढलात का मास्तर? आधी सांगायचंत. सदरा तरी बदलला असता.”

ते हसून म्हणाले; मी मात्र ओशाळलो. दुसऱ्याची वही विचारल्यावाचून उघडू नये, असे मी वर्गात मुलांना सांगतो. डोळस माणसाला चित्र नको असेल तर तो तोंड फिरवतो. बुवांना ती संधीच मी दिली नव्हती.

त्या सदऱ्यावरून मला हँडेल आठवला. जर्मनीत जन्मलेला हा थोर संगीतकार लंडनमध्ये स्थायिक झाला होता. १७५१ च्या फेब्रुवारीत ‘जेफ्था’ लिहिताना डाव्या डोळ्याने दगा दिला, तेव्हा काम थांबवावे लागत असल्याची नोंद त्याने हस्तलिखितातच केली. पुढे दृष्टी गेली, तरी तो ऑर्गन वाजवीत राहिला. १७५६ साली टॉमस हडसनने त्याचे तैलचित्र काढले. त्यात तो भरजरी पोशाखात ऐटीत बसला आहे. स्वतःला ते चित्र दिसणार नव्हते. पण जगाने आपल्याला कसे पाहावे, याविषयी तो उदासीन नव्हता. मग आमचे बुवा का असावेत?

सुनेने दिवाळीला घेतलेला सदरा घालून बुवा पुन्हा बसले. काळा चष्मा त्यांनी आपणहून काढून ठेवला. चार दिवसांनी मी छापलेले चित्र नेले. खिडकीशी धरून त्यांनी ते तुकड्यातुकड्याने पाहिले.

“हात सापडला. तोंड कसं आलंय?”

‘झकास’ म्हणणार होतो, पण म्हणालो, “थकल्यासारखं आलंय, बुवा. डावा डोळा अर्धा मिटलाय.”

“मग खरं आलंय. आणि पहिला फोटो?”

“तो याहून चांगला होता. पण तुम्हांला न विचारता काढलेला, म्हणून पुसून टाकला.”

“अरेरे! विचारायचं तरी होतंत. ठेवा म्हटलं असतं मी.”

मी गप्प बसलो. चूक सुधारतानाही मी त्यांना विचारले नव्हते.