जे दाविदाच्या अंतःकरणात होते

शास्त्रपाठ : १ राजे ८:१७-१९, १ इतिहास २२:१-१६



आयुष्यात एखादे मोठे ध्येय ठेवावे, असे आपण मुलांना सांगतो. परंतु ध्येय मोठे आणि उरलेले आयुष्य तोकडे, अशी गाठ पडली म्हणजे काय करावे, हे फारसे कोणी सांगत नाही. उतारवयाकडे झुकलेल्या पुष्कळ विश्वासणाऱ्यांना हा प्रश्न मनातल्या मनात छळत असतो.

दावीद राजापुढे हाच प्रश्न होता. परमेश्वराच्या नामासाठी मंदिर बांधावे, अशी त्याला आस होती. पण मंदिर तू नव्हे, तुझा पुत्र बांधील, असे देवाने त्याला सांगितले. नकार स्पष्ट होता. तरीही हा हेतू दाविदाने अंतःकरणात बाळगला हे देवाला बरे वाटले, अशी साक्ष शलमोनाने मंदिराच्या समर्पणाच्या वेळी दिली.

इब्री भाषेतील ‘लेवाव’ म्हणजे अंतःकरण हे केवळ भावनांचे स्थान नव्हे; विचार आणि निश्चय यांचेही ते स्थान आहे. दाविदाच्या अंतःकरणात मनोराज्य नव्हते, संकल्प होता. म्हणून नकार मिळाल्यावर तो रुसून बसला नाही. त्याने दरवाजांच्या खिळ्यांसाठी लोखंड साठवले, पितळ जमवले, गंधसरूची लाकडे आणवली, पाथरवटांना कामास लावले आणि मंदिराचा आराखडा शलमोनाच्या हाती दिला. पुढे सात वर्षांत मंदिर उभे राहिले; त्याची सामग्री मात्र बापाने जमवलेली होती.

आपल्या मराठी मंडळीतही असे उदाहरण आहे. सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र यावे, हा पंडिता रमाबाईंचा ध्यास होता. त्यासाठी त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. केडगावच्या मुक्तिसदनातील शेकडो जिवांचा भार वाहत असतानाच पंधरा वर्षांहून अधिक काळ त्या हे काम करीत राहिल्या. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली, तरी हातातील काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. मुक्तीच्याच छापखान्यात छापलेले संपूर्ण शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. तो ग्रंथ हाती घेण्यास त्या राहिल्या नव्हत्या.

वाचकहो, आपल्या ध्येयाला एकच कसोटी लावून पाहा. हे कार्य दुसऱ्याच्या हातून पुरे झाले, तर मला आनंद होईल काय? होत नसेल, तर ते ध्येय देवासाठी नसून आपल्या नावासाठी आहे. होत असेल, तर आयुष्य तोकडे असल्याचे भय कशाला? आज जमवता येईल तेवढे लोखंड आज जमवा. एखादा अध्याय, एखादे पत्र, एखाद्या मुलाची शिकवणी, एवढा तरी आजचा वाटा पुरा करा. आणि आपला शलमोन कोण हे ओळखून, हातपाय चालत आहेत तोवरच त्याच्या हाती आराखडा द्या. पुष्कळ सत्कार्ये पैशाअभावी नव्हे, तर वेळीच कोणाच्या स्वाधीन न केल्यामुळे बुडतात.

हे प्रभू, आमच्या अंतःकरणातील संकल्प शुद्ध कर. आजचा वाटा उचलण्याचे बळ दे आणि उरलेले कार्य आनंदाने दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची कृपा दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.