न दुखणारा चावा

काजूच्या बागेत शिरलेल्या माणसाला हुमले लगेच जाणवतात. पानं जोडून झाडावर घरटी बांधणाऱ्या या तांबड्या मुंग्यांना नांगी नसते. त्या जबड्याने कातडी पकडतात आणि जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडतात. माणूस ओरडत, कपडे झटकत लांब पळतो. थोड्या वेळाने आग ओसरते. हुमल्यांचं काम मात्र झालेलं असतं, झाडाजवळचा आगंतुक गेलेला असतो.

नांगीवाल्या कीटकांच्या दंशांची प्रतवारी लावायला जस्टिन श्मिट या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये सुरुवात केली. शून्य ते ४ असं माप, आणि मोजायचं साधन त्याचं स्वतःचं शरीर. मधमाशी २ वर. थेट ४ वर बसणाऱ्यांत टॅरँटुला हॉक ही कोळ्यांची शिकार करणारी गांधीलमाशी आहे. तिच्या दंशाने काही मिनिटं माणसाला दुसरं काही सुचत नाही, पण नंतर इजा फारशी उरत नाही. २०१४ मध्ये मायकेल स्मिथ या संशोधकाने मधमाश्या स्वतःच्या अंगावर ठिकठिकाणी डसवून घेतल्या, तेव्हा सर्वांत जास्त कळ नाकपुडीत आली. माशी तीच, विषही तेच, तरी जागा बदलली की वेदनेचा आकडा बदलतो.

म्हणून मला वाटतं, डसणाऱ्याला आपण किती लवकर दूर व्हायला हवे आहोत, एवढंच वेदना सांगते. अपाय किती होणार, याचा अंदाज तिच्यावरून बांधणं धोक्याचं आहे. मधमाशीचा एक दंश बहुतेकांना सोसतो, पण ज्याला त्या विषाची ॲलर्जी आहे त्याचा जीव तेवढ्याने जाऊ शकतो. त्याला झालेली कळ मात्र इतरांसारखीच असते.

कोकणाने हे विंचवाकडून फार महाग किमतीला शिकून घेतलं आहे. मोठा काळा विंचू पाहून छातीत धस्स होतं, पण माणसं दगावली ती मुख्यतः लहानशा लाल विंचवामुळे. १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दंशाच्या जागेपलीकडे पाहिलं. उलट्या, घामाने भिजलेलं अंग, गार पडलेले हातपाय या खुणा त्यांनी टिपल्या आणि हृदयावर काय ओढवतंय ते ओळखलं. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं लेखन आलं. पुढे त्यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या रुग्णांना दिलं, आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर एक टक्क्यापर्यंत उतरला. रुग्णाच्या उशाशी बसून केलेल्या या निरीक्षणाबद्दल मला अपार आदर वाटतो.

आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापुढचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण इथे आरडाओरडच होत नाही. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आणि पुढच्या वर्षी बांदा परिसरात माकडताप आला. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखलेला हा आजार गोचिडीच्या चाव्यातून होतो. गोचीड काही कीटक नव्हे, तिला विंचवासारखे आठ पाय. हुमल्याला आपण पळायला हवे असतो, तर गोचिडीला आपण स्वस्थ बसायला हवे असतो. रक्त पोटभर पिऊन होईपर्यंत तिला कातडीला चिकटून राहायचं असतं, म्हणून तिच्या लाळेत जाणीव दाबणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात. त्यातही तिची पिल्लं इतकी बारीक, की मातीचा कण समजून नजर पुढे सरकते. ताप येतो तो तीन ते आठ दिवसांनी, तोवर बागेतला तो दिवस विसरलेला असतो.

नेमका काजू वेचायचा हंगाम आणि या पिल्लांचा हंगाम एकच. बागेतून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे वेगळे, आणि काखा, जांघा, कानामागची जागा दुसऱ्या कोणी नीट पाहणं, हे दुखलं नाही तरी करावं लागतं. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात असो की गावच्या दवाखान्यात, तापाच्या रुग्णाला ‘काही चावलं का?’ असं विचारून भागणार नाही, तो प्रामाणिकपणे नाही म्हणेल. गेल्या आठवड्यात कुठल्या बागेत गेला होता, तिथे मेलेलं माकड कुणी पाहिलं का, हे विचारायला हवं.