कबुलीजबाब, मुद्देमाल आणि सूळ

दूरचित्रवाणीवरच्या गुन्हेकथेचा भाग प्रेताने सुरू होतो आणि कबुलीने संपतो. १९९८ साली सोनी वाहिनीवर सुरू झालेली आणि वीस वर्षे चाललेली बी. पी. सिंग यांची ‘सीआयडी’ ही हिंदी मालिका या रचनेचा ठळक नमुना आहे. शिवाजी साटम यांनी उभा केलेला एसीपी प्रद्युम्न बोटे फिरवत शंका काढतो, दया दार फोडतो, डॉ. साळुंखे प्रयोगशाळेत डाग तपासतात. संशयित आधी कानावर हात ठेवतो, मग त्याच्या कानाखाली बसते आणि तो घडाघडा बोलू लागतो. प्रद्युम्न फाशीचे नाव काढतो. खटला उभा राहत नाही, न्यायाधीश दिसत नाहीत, आणि तरीही न्याय झाल्याचे समाधान घेऊन प्रेक्षक जेवायला उठतो.

या समाधानामागे ‘करावे तसे भरावे’ ही जुनी श्रद्धा आहे. मात्र कर्मसिद्धांत इतका घाईचा नाही. तो संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग करतो. फळ चुकत नाही, पण ते कधी आणि कोणत्या जन्मी पदरात पडेल हे माणसाला कळत नाही. मालिकेचा भाग ही वाट पाहणेच काढून टाकतो. निर्दोषाला छळ सोसावा लागतो आणि दोषी सुखात नांदतो, हे रोज पाहणाऱ्याला असा दिलासा हवासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण गुन्हेगार सापडणे म्हणजेच न्याय होणे, ही समजूत त्यातून रुजते आणि ती घातक आहे.

कायदा ही समजूत मानत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नव्हती. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हा नियम कायम आहे. मार आणि धाक यांपुढे माणूस न केलेलेही कबूल करतो, हा त्यामागचा अनुभव. म्हणजे ज्या क्षणी भाग संपतो, त्या क्षणी न्यायालयाच्या दृष्टीने फारसे काही सिद्ध झालेले नसते.

कबुलीपेक्षा मुद्देमाल भरवशाचा, असे कोणी म्हणेल. महाभारताच्या आदिपर्वातली मांडव्य ऋषींची कथा नेमकी इथे आडवी येते. मांडव्य आश्रमाच्या दाराशी हात वर करून मौनव्रतात उभे होते. पाठलाग चुकवणारे चोर लूट घेऊन आश्रमात शिरले आणि तिथेच लपले. राजाच्या शिपायांनी विचारले, चोर कुठे गेले? मांडव्य बोलले नाहीत. झडतीत चोर सापडले आणि मालही सापडला. पुरावा पक्का, संशयित गप्प. राजाने चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवले.

न्यायदर्शनाच्या भाषेत हा हेत्वाभास, म्हणजे फसवे कारण, आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान टिकते, कारण अग्नीवाचून धूर कुठेच नसतो. चोरीचा माल मात्र चोराच्या घरी सापडतो तसा निर्दोषाच्या घरीही सापडू शकतो, म्हणून तो हेतू सव्यभिचारी, म्हणजे दोन्हीकडे लागू पडणारा, ठरतो. मौनाचेही तेच. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असे भारतीय संविधानाचे अनुच्छेद २० सांगते. पडद्यावर मात्र गप्प बसणारा नेहमी काहीतरी लपवत असतो.

मांडव्य सुळावरही जिवंत राहिले. चूक कळल्यावर राजाने पाय धरले, सूळ उपटण्याचा प्रयत्न केला, तो निघेना, तेव्हा बाहेरचा भाग कापला. टोक, म्हणजे अणी, शरीरातच राहिले आणि ऋषींचे नाव अणीमांडव्य पडले. फाशीच्या शिक्षेवर वाद घालणाऱ्या प्रत्येकाने त्या टोकापाशी थांबायला हवे: राजाची माफी मनापासून होती, तरी अणी बाहेर आली नाही.

कथा राजापाशी थांबत नाही. मांडव्यांनी धर्मदेवतेला गाठून विचारले, हे कोणत्या कर्माचे फळ? लहानपणी किड्यांना गवताची काडी टोचली होती, हे उत्तर मिळाले. मांडव्यांनी ते मान्य केले नाही. अपराध छोटा, शिक्षा मोठी, आणि करणारा अजाण मूल. चौदा वर्षांच्या आत घडलेले कृत्य पाप धरले जाणार नाही, अशी मर्यादा त्यांनी घातली. शिवाय हिशेब चुकवणाऱ्या धर्माला मनुष्यजन्माचा शाप दिला. त्या शापाने धर्म दासीच्या पोटी विदुर होऊन जन्मला.