तोंड कोणाकडे?

माउली, देवळात उभे राहता तेव्हा तुमचे तोंड कोणाकडे असते? देवाकडेच, असे तुम्ही म्हणाल. तरी विचारतो. पॅरिसजवळचा व्हर्सायचा राजवाडा एक दिवस पाहून आलो, तेव्हापासून हा प्रश्न सुटत नाही.

चौदाव्या लुईने १६८२ साली आपला दरबार तिथे नेला. सूर्य हे त्याने स्वतःचे चिन्ह केले होते. आरसेमहालात ३५७ आरसे आहेत. बाग देखणी, खोटे कशाला बोलू! पण त्या सगळ्या कारंज्यांना पाणी पुरत नसे. सेन नदीचे पाणी चढवायला चौदा मोठी चाके बसवली, तरी पुरेना. मग राजा फिरायला निघाला की कामगार शिट्टी घालून एकमेकांना इशारा देत. तो येण्याआधी कारंजे सुरू, तो पुढे गेला की बंद.

पाण्याचे ठीक आहे, ते जड. माणसांचे काय? त्या काळचा लेखक ला ब्रुयेर याने दरबाराचे नाव न घेता, परक्या मुलखाचे सांगावे तसे लिहून ठेवले आहे : प्रार्थनेच्या वेळी सरदार वेदीकडे पाठ करून उभे राहतात आणि वर सज्जात गुडघे टेकलेल्या राजाकडे तोंड करतात. राजा देवाला पाहतो, हे राजाला.

येथे कोणी शंका घेईल, ‘महाराज, आपणही माणसाच्याच पाया पडतो. मग त्या सरदारांचे काय चुकले?’ शंका रास्त आहे. पण वारीत ऐंशीचा वृद्ध नातवाच्या वयाच्या पोराच्या पाया पडतो, आणि ते पोर लगेच त्याच्या. दोघांतही एकच पांडुरंग, म्हणून नमस्कार परत येतो. व्हर्सायला तो वर जाई आणि वरच राही. शिवाय सरदाराला त्या नमस्कारातून काही हवे असे : पद, पेन्शन, निदान एक दृष्टिक्षेप.

आपल्याकडे राजे गेले, सज्जे मात्र आहेत. एका गावच्या सप्ताहात ऐन निरूपणात एक मोठे पाहुणे आले. टाळ थांबले, हार आले, सगळा मंडप उठून तिकडे वळला. पाहुणेही बिचारे अवघडले असतील. एक विणेकरी तेवढा जागचा हलला नाही. विठोबाच्या तसबिरीकडे तोंड करून तो उभा होता. वीणा गळ्यात होती, पहारा त्याचा होता.