तपकिरी कागदाखालचं

अ‍ॅन फ्रँकची डायरी एक नाही, तीन आहेत, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. जून १९४२ मध्ये तेराव्या वाढदिवसाला मिळालेल्या वहीत ती स्वतःसाठी लिहायला लागली. २८ मार्च १९४४ ला लंडनहून चालणाऱ्या डच रेडिओवर एका मंत्र्याने लोकांना आवाहन केलं, युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवा. ते ऐकून मे महिन्यात तिने तीच डायरी सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतली, यावेळी छापण्यासाठी. ४ ऑगस्टला ती पकडली गेली. पुढे वडिलांनी दोन्हींतून जुळवून १९४७ साली पुस्तक काढलं. अभ्यासक या तिघींना ए, बी आणि सी व्हर्जन म्हणतात. (आम्हा कोडवाल्यांना हे अगदी घरचंच वाटतं.)

‘डायरी खरी आणि स्टोरी खोटी’ असं म्हणणारे बरेच मित्र मला आहेत. बी व्हर्जनचं काय करायचं, हे त्यांनी सांगावं. तिथे तिने गाळलं, जोडलं, परक्या वाचकाला कळेल असं मांडलं. म्हणून ते खोटं झालं नाही. दुसऱ्याला सांगायचं म्हटलं की आधी स्वतःला नीट कळावं लागतं, आणि हे काम वहीतली बडबड कधीच करून घेत नाही.

पण त्याच पहिल्या वहीत दोन पानं होती, ज्यांवर तिने तपकिरी कागद चिकटवला होता. २०१६ मध्ये मागून प्रकाश टाकून त्या पानांचे फोटो काढले गेले, सॉफ्टवेअरने अक्षरं सुटी केली आणि मे २०१८ मध्ये मजकूर जाहीर झाला. चार चावट विनोद आणि लैंगिक गोष्टींबद्दलच्या तेहेतीस ओळी. इंजिनिअर म्हणून ते तंत्र मला सुंदर वाटलं. बातमी मीही फोनवर दोन मिनिटांत वाचून संपवली. मग दिवसभर काहीतरी टोचत राहिलं.

आता ती हयात नाही, विनोदही निरुपद्रवी, जगाचा ठेवा आहे, हे सगळे युक्तिवाद मला माहीत आहेत. ते मला पटत नाहीत. ही मुलगी काही लाजून सगळंच लपवणारी नव्हती. छापायचं काय, ते तिने स्वतः बसून पुन्हा लिहिलं होतं. झाकायचं काय, तेही तिनेच डिंक लावून सांगितलं होतं. तिचं पहिलं म्हणणं आपण डोक्यावर घेतलं, दुसरं सोयीने विसरलो.

माझी आजी गेली तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या स्टेटसवर तिचा फोटो होता. चुलतभावाने विचारलं, “तू काहीच टाकलं नाहीस?” त्याचा सूर वाईट नव्हता, पण प्रश्नाचा अर्थ ‘तुला दुःख झालं नाही का’ असाच होता. तिच्या शेवटच्या पंधरा दिवसांवर माझ्या वहीत अकरा पानं आहेत. त्यांत भ्रमात ती माझ्या आईबद्दल जे बोलली, तेही आहे. ते जितकं माझं, तितकंच आईचं आणि आजीचं. ते टाकायला कुणाचा होकार घेणार?

महिन्याभराने मी एक फोटो टाकला, गच्चीवर पापड वाळत घालणारी आजी. त्याखाली आत्याने लिहिलं की लग्नाआधी ती नदीत पोहायची. हे मला माहीतच नव्हतं. वहीने हे मला कधी सांगितलं नसतं, कारण वही फक्त ऐकते.

त्या अकरा पानांवर मी कागद चिकटवलेला नाही. फोनमध्ये पासवर्ड लावून ठेवता आली असती, पण हाताने लिहिलेलं टाइप करावंसं वाटत नाही. वही कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली असते. दिवाळीच्या साफसफाईत आई ती उचलते, फडक्याने पुसते आणि परत तिथेच ठेवते. उघडत नाही, असं मी धरून चालतो.